दादाचा कान आणि सर्वोत्तम गाणी

अमरावतीच्या एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत मी गाण्यांवर लिहिते. गेल्या उन्हाळ्यात संपादकांनी एका परदेशी रॉक गायकाच्या सर्वोत्तम गाण्यांचा नवा संग्रह ऐकून लिहायला सांगितलं. कुठल्याही बँडच्या आधाराशिवाय जन्मभर एकट्याच्या नावावर गाजलेला हा माणूस. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही, कारण त्याच्या गाण्यांवरच मी लहानाची मोठी झाले होते.

राजापेठेतल्या घरी दारं-खिडक्या लावून मी तो संग्रह मोबाईलवर ऐकला आणि माझं टाळकंच सरकलं. सगळी गाणी ओढलेली. ज्या गाण्यावर आम्ही अंगणात उड्या मारल्या, ते आजारी माणसानं भिंत धरून चालावं तसं चाललेलं. आवाजही खाली उतरलेला. जुनी ध्वनिमुद्रणं नव्यानं साफ केली आहेत, असं संग्रहाच्या माहितीत लिहिलं होतं. साफ कसली, वाट लावली होती! झोडपून काढायचं मी मनाशी ठरवलं. पण त्याआधी दादाला ऐकवणं भाग होतं. हा गायक आमच्या घरी आणला दादानं, तोही दुकानातून कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घेऊन. त्या कॅसेटवरचं शेवटचं गाणं मधेच तुटायचं, खटका पडायचा आणि टेपचं बटण वर यायचं. आमच्या लेखी ते गाणं तिथंच संपत होतं. मोबाईल आल्यावरही आम्ही ही गाणी दुसरीकडे शोधली नाहीत. घरात कॅसेट होती ना!

दादा अकोल्याला असतो आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. मी पोचले तेव्हा वहिनी पिशवी घेऊन भाजीला निघाली होती. तिनं मला फाटकाबाहेरच गाठलं.

"ताई, दुपारी कानाच्या डॉक्टरकडं जायचं आहे यायले," ती हळूच म्हणाली. "कानात सारखं गुणगुणते म्हणतात. त्यात तो कीबोर्डवाला म्हणे, तुमी सुरात नाई. डॉक्टरनं कान गेला म्हटलं तर गिटार सोडून देतो म्हणून राहिले. तुमी त्यायले काई वाकडं बोलू नका."

गिटारीशिवाय दादा मला डोळ्यांसमोर आणताच येईना. आत गेले तर तो खाटेवर गिटार मांडीवर घेऊन बसला होता. संग्रहाचं कळल्यावर मात्र चेहरा खुलला. "लाव, लाव. पाहू काय केलं त्यानं."

मी मोबाईल स्टुलावर ठेवला आणि आमचं लाडकं गाणं लावलं. दादा मान तिरकी करून ऐकायला लागला. थोड्याच वेळात त्यानं तारा छेडून गाण्याची सुरुवात वाजवली. मोबाईलचा सूर एकीकडे, गिटारीचा दुसरीकडे. त्यानं पुन्हा वाजवली, पुन्हा तेच. मग हात आखडता घेतला.

"तुले कसं वाटते?" त्यानं विचारलं. "खरं सांग."

वहिनीचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. "मस्त आहे, दादा," मी म्हटलं. "अगदी पहिल्यासारखंच."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं गाणं बंद केलं.

"तुले पहिल्यासारखं वाटते," तो म्हणाला, "अन् मले सारं खाली उतरल्यासारखं, रडल्यासारखं ऐकू येऊन राहिलं. म्हणजे झालं. माहा कान गेला."

"नाही रे! मलेही तसंच ऐकू येते. मी उगाच बोलली."

"आता काहून बदलली? मले बरं वाटावं म्हणून?"

मी शपथा घेतल्या. घरी केवढी चिडले होते ते सांगितलं. त्याचा एका शब्दावर विश्वास बसेना. मला माझा असा संताप आला की जीभ हासडून टाकावीशी वाटली. त्यानं गिटार खोळीत घातली, चेन लावली आणि भिंतीला टेकवून ठेवली. "डॉक्टरकडं कायले जायचं मग?" एवढं बोलून तो खिडकीबाहेर पाहत बसला. काहीच सुचेना म्हणून मी तेच गाणं पुन्हा लावलं.

एवढ्यात वहिनी आली. भाजीची पिशवी उंबऱ्याशी टेकवून ती घाम पुसत उभी राहिली.

"याले काय झालं?" तिनं विचारलं. "घसा बसला काय याचा? असा रडत रडत तर कधी गात नव्हता हा."

दादा गर्रकन वळला. "तुले बी तसंच वाटते?"

"वाटते म्हणजे? लग्न झालं तवापासून रोज सकाळी तुमची कॅसेट ऐकून राहिली. मले इंग्रजी येत नाई, पण त्याचा आवाज तर ओळखते ना मी!"

मी खाली मांडी घालून बसले आणि रडले. दादा मात्र डोकं धरून आठवत होता. मग म्हणाला, "तो कॅसेट भरून देणारा! 'एका बाजूवर एक गाणं जास्त बसवून देतो' म्हणे. म्हणून तर सारे त्याच्याकडंच जात. जास्त बसन कसं? त्याची मशीन सुस्त चालत असन. तिथं भरताना पट्टी हळू सरकली, तर आपल्या टेपरेकॉर्डरवर गाणं धावन अन् आवाज चढन." दादानं गिटार त्याच कॅसेटवरून सुरात लावलेली, म्हणून ती मोबाईलशी जुळत नव्हती. घरी कायम तोच चढा सूर. गायकानं काहीच बिघडवलं नव्हतं. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी तो चढ्या आवाजाचा आणि घाईतला माणूस म्हणूनच ऐकला होता. आम्ही पोट धरून हसलो, पण दादा लवकर थांबला. कानातली गुणगुण थांबलेली नव्हती.

दुपारी दवाखान्यात त्याला काचेच्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. मी आणि वहिनी काचेबाहेर उभ्या होतो. उजव्या कानाच्या वेळी त्याचा अंगठा भराभर दाबत होता. डाव्याची पाळी आली आणि अंगठा थांबला. तपासणारी मुलगी यंत्राची चकती फिरवत राहिली. दादा डोळे मिटून बसला होता. वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

डॉक्टर म्हणाले, डावा कान बराच कमी झाला आहे, पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही. उजवा ठणठणीत आहे. गिटार खुशाल वाजवा, फक्त भोंग्यांशेजारी उभे राहू नका.

बाहेर पायऱ्यांवर दादा मटकन बसला. मग म्हणाला, "ते शेवटचं लाव. आपलं तुटकं."

मी इअरफोनचं एक टोक त्याच्या हातात दिलं. तो सवयीनं डाव्या कानाकडे नेत होता. वहिनीनं काही न बोलता ते त्याच्या हातातून घेतलं, उजव्या कानात बसवलं आणि त्याच बाजूला बसली. घरून निघाल्यापासून ती त्याच्या उजव्याच बाजूनं बोलत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसरं टोक माझ्या कानात होतं. गाणं सावकाश चाललं. खटका पडायची जागा जवळ आली तसं दादानं माझ्याकडे पाहिलं. खटका पडला नाही. गाणं पुढे गेलं, नुसती गिटार वाजायला लागली, मोकळी, लांबच लांब, कुणाला कसलीच घाई नसल्यासारखी.

"बापा!" दादा म्हणाला. "अजून इतकं होतं काय पुढं?"