हिला काय कळतंय!

पडदे शिवणाऱ्या पडदेवालीच्या घरी दर उन्हाळ्यात एक परकं पोर सहा आठवडे राहायला यायचं. स्पॅनिशच्या उन्हाळी शिबिरासाठी. शिकवायचं काम शाळेचं. पडदेवालीनं फक्त खाऊपिऊ घालायचं, कपडे धुवायचे आणि तोंडातून स्पॅनिशखेरीज एक अक्षर काढायचं नाही. मुलांनीही काढायचं नाही. पहिल्याच दिवशी तशी शपथ कागदावर लिहून घेत आणि फोन काढून घेत. तो परत हातात मिळे फक्त रविवारी, तोही तासभर. पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही, असं शिबिराच्या बाईंचं म्हणणं. या बाई कायम काखेत फायलींचा गठ्ठा मारून फिरत, म्हणून पडदेवालीनं मनातल्या मनात त्यांचं नाव फाइलवाली ठेवलं होतं.

हा नियम पडदेवालीला समजावून सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षांपूर्वी ती स्वतः याच गल्लीत अशीच ढकलली गेली होती. तिच्या वेळी त्याला शिबिर म्हणत नसत, लग्न म्हणत. आणि ते सहा आठवड्यांत संपत नसे. नवरा तिच्या गावी कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता, जाताना हिला घेऊन आला. दारातच सासूनं सांगितलं, "या घरात एकच भाषा चालेल." पुढे मुलगा झाला तेव्हा सासू म्हणाली, दोन भाषांनी पोराचं डोकं फिरतं. हिनं मान डोलावली. नाकासमोर चालणारी बाई ती. मुलगा फक्त स्पॅनिश बोलत मोठा झाला, आता दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो आणि रविवारी फोन करून हवापाणी विचारतो. सासू गेली, नवराही गेला. माहेरच्या भाषेत बोलायला एक बहीण होती फोनवर, चार वर्षांपूर्वी तीही गेली. त्यानंतर ती भाषा तिच्याशी बोलणारं जगात कुणी उरलं नाही. मशिनवर बसल्यावर पडद्याच्या चुण्या ती अजून त्या भाषेत मोजायची, तेवढंच.

फाइलवालीच्या छापील फॉर्मात एक रकाना होता : घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा. पडदेवालीनं प्रामाणिकपणे लिहिलं, स्पॅनिश. खोटं काय होतं त्यात? घरात दुसरी कुठली भाषा बोललीच जात नव्हती. मुलाची भाषा ज्या घरात कळते त्या घरी त्याला ठेवायचं नाही, असा शिबिराचा नियम होता, पण इतक्या वर्षांत तिच्या माहेरच्या बाजूचं कुणी आलंच नव्हतं.

यंदा आलं. मेच्या अखेरीस कागद आला : मुलगी, वय पंधरा, शेंगदाण्यांची ॲलर्जी, आणि मातृभाषेपुढे ते नाव. पडदेवालीनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. फाइलवालीला तेव्हाच फोन करायला हवा होता. तिनं फोन उचललाही, नंबर अर्धा फिरवला आणि खाली ठेवला. ‘आपण बोलणार नाही, नियम पाळू,’ तिनं स्वतःला सांगितलं. ‘फक्त कानावर पडलं तर पडलं.’ मांजर डोळे मिटून दूध पितं. हिनं कान उघडे ठेवून प्यायचं ठरवलं.

मुलगी आली ती बॅगेचं एक चाक मोडूनच. जिन्यावर बॅग अडकली तशी ती दात-ओठ खात पुटपुटली, "मर मेल्या!" पडदेवाली वरच्या पायरीवर उभी होती. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. खोकल्याचं निमित्त करून ती आत पळाली आणि न्हाणीघरात नळ सोडून उभी राहिली.

चौतीस वर्षांत उन्हानं रापून ती इथल्या चार बायकांसारखीच दिसायला लागली होती, आडनाव इथलं, बोलण्याची ढबही इथली. मुलीला संशय यायचं कारणच नव्हतं. पहिल्या रविवारी फोन हातात आल्यावर ती खिडकीत बसून वडिलांशी बोलली. "इथेच आहे ना बाजूला, पडदे शिवतेय. बोला हो बाबा, हिला काय कळतंय!" पडदेवालीनं खाली घातलेली मान वर केली नाही. आपल्याला अशा पोरीनं ‘ही’ म्हणावं याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. कुणी त्या भाषेत तिला ‘ही’ तरी म्हणालं होतं.

दुपारी शाळेतून आल्यावर मुलीला करमायचं नाही. पडदेवालीच्या कामाच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचणारं टेबल होतं, त्यावर हॉटेलचे, दवाखान्याचे, कुणाकुणाच्या दिवाणखान्याचे पडदे पसरलेले असत. पडदेवालीनं तिच्या हातात सुई दिली, अंगुस्तान बोटात घालून दाखवलं आणि धावदोरा उसवायला शिकवलं. पक्की शिलाई झाली की आधीचा कच्चा दोरा काढून टाकायचा, बिनडोक्याचं काम. बिनडोक्याच्या कामात तोंड मोकळं राहतं. चार दिवस मुलगी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये "हे काय, ते काय" करत राहिली. पाचव्या दिवशी दमली आणि दोरा ओढता ओढता आपल्या भाषेत म्हणाली, "काकू, तुम्हाला काही कळत नाही हे किती बरं आहे."

काकू! पडदेवालीच्या पायाखालचं पेडल थांबलं. तिनं उगीच बॉबिन काढून पुन्हा बसवली.

त्या दिवसापासून मुलगी रोज बोलायची. आधी किरकोळ : सूप पाणचट आहे, मास्तरांच्या तोंडाला वास येतो, काकू तुमच्या पडद्यांपेक्षा तुमच्या चादरी जुन्या आहेत. पडदेवालीनं दुसऱ्या दिवशी सूप दाट केलं आणि मग घाबरली, चोराच्या मनात चांदणं. मुलीच्या लक्षात आलं नाही. ती मोकळी होत गेली. आईबाबा वेगळे होणार होते. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं दाराआडून ऐकलं होतं. तिला सहा आठवडे इथे पाठवलं होतं ते स्पॅनिशसाठी नव्हेच, तोवर घरातलं सामान वाटून व्हावं म्हणून. "माझं कपाट कोणाकडे गेलं असेल हो काकू? की मलाच विचारणार, कोणाकडे राहतेस? मी काय सांगू?" पडदेवाली स्पॅनिशमध्ये "हो, हो, छान" म्हणायची, कारण न कळणारी बाई तेवढंच म्हणते. जिभेच्या टोकाशी आलेलं ‘अगं बाळा’ ती गिळून टाकायची. असं महिनाभर मूग गिळून बसणं सोपं नसतं. पण खरं सांगायचं तर ती सुखात होती, आणि पोरीच्या दुःखावर आपण सुखात आहोत हे तिला कळतही होतं.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काकू, मी शनिवारी जाणार."

शनिवारी सगळ्या मुलांना मोठ्या शहरात संग्रहालय बघायला नेणार होते. तिथे ती गटातून सटकून बसस्थानक गाठणार होती. शेवटच्या थांब्यापर्यंत, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावाचं तिकीट तिनं काढलंसुद्धा होतं, शब्दकोशात ठेवलं होतं. "दोन दिवस सापडायचंच नाही. मग दोघांना यावं लागेल. एकत्र. एकाच विमानानं. शोधायला तरी एकत्र येतील ना?" तिनं दोरा ओढून तोडला. "हो ना, काकू?"

"हो, हो," पडदेवाली म्हणाली. "छान."

आता इकडे आड, तिकडे विहीर. फाइलवालीला सांगावं तर ती विचारणार, तुला कसं कळलं? मग घर यादीतून जाईल, ते जाऊ दे. पण शपथ मोडली म्हणून मुलीला पहिल्या विमानात बसवून त्याच वाटलेल्या घरात परत पाठवतील. मुलीशी बोलावं तर तिला कळेल, महिनाभर कोण ऐकत बसलं होतं ते. पडदेवालीनं गुरुवारी मधला मार्ग काढून बघितला. स्पॅनिशमध्ये म्हणाली, "शनिवारी नको जाऊस. हॉटेलचे बारा पडदे आहेत, मला हात दे." मुलगी गोड हसली. "माफ करा, सेन्योरा. संग्रहालय फार महत्त्वाचं." शुक्रवारी मुलगी शाळेत असताना पडदेवालीनं शब्दकोश उघडला. तिकीट होतं. तिनं ते हातात घेतलं आणि परत ठेवलं. तिकीट काय, ती दुसरं काढेल. आणि आधीच न विचारता पोरीचं एवढं घेतलं होतं, त्यात आणखी एक चोरी करायला तिचं मन घेईना.

शनिवारी सकाळी मुलांची गाडी निघाल्यावर तिनं कामाच्या खोलीच्या दारावरची पाटी ‘बंद’कडे उलटी केली आणि मागची बस धरली. मोठ्या बसस्थानकात ती अकराला पोचली. फलाट मोजत मोजत गेली, त्याच भाषेत, आणि आठव्यावर मुलगी दिसली. पाठीवर सॅक, मांडीवर शब्दकोश, बाकाच्या अगदी कडेला. समोर बस उभी, ड्रायव्हर सामानाचं दार लावत होता.

पडदेवाली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तोंड उघडलं, तर शब्द येईनात. चार वर्षं वापरलेच नव्हते. मग आले ते बहिणीला म्हणायची तसे आले.

"नको गं जाऊ, बाळा. ते एकत्र आले तरी तुझ्यासाठी येतील, एकमेकांसाठी नाही. आणि तिथे तुला काही झालं तर?"

मुलीनं आधी आनंदानं वर बघितलं. अनोळखी गावात आपली भाषा ऐकली की कुणीही बघेल तसं. मग तिला दिसलं, कोण बोलतंय. तिचा चेहरा बघता बघता उतरला.

"तुम्हाला येतं?"

"येतं गं."

"पहिल्या दिवसापासून?"

पडदेवालीनं मान हलवली.

"सगळं ऐकलंत? बाबांशी बोलले ते? आईबद्दल म्हणाले ते? मी कपाटासाठी रडले ते पण?"

"माझ्याशी कुणी बोलत नाही गं या भाषेत," पडदेवाली म्हणाली. याहून चांगलं कारण तिच्याकडे नव्हतं, आणि हे कारण किती तोकडं आहे ते बोलता बोलताच तिला दिसलं.

मुलगी उठली. क्षणभर वाटलं, बसमध्ये चढते. तिनं शब्दकोशातून तिकीट काढलं, पडदेवालीच्या हातावर ठेवलं आणि संग्रहालयाच्या रस्त्याला लागली. पडदेवाली वीस पावलं मागून चालत राहिली. मुलगी गटात शिरली, हजेरीत तिचं नाव लागलं, तेव्हाच पडदेवाली माघारी फिरली. शपथ मोडल्याचं फाइलवालीला कुणीच सांगितलं नाही.

राहिलेले दोन आठवडे मुलगी शुद्ध स्पॅनिश बोलली. उठताना, जेवताना, दार लावताना. सूपबद्दल आभार मानायची तेही व्याकरण सांभाळून. दुपारी ती कामाच्या खोलीत येईना, वाचनालयात बसायची. धावदोरे पडदेवाली स्वतःच उसवू लागली. एकदा तिनं दारात उभं राहून आपल्या भाषेत विचारलं, "रागावलीस का गं?" मुलीनं वहीतून मान वर केली नाही. शेवटच्या आठवड्यात फाइलवाली मुद्दाम घरी आली, पडदेवालीचे दोन्ही हात धरून म्हणाली, "काय जादू केलीत हो! सगळ्या शिबिरात हिची प्रगती पहिली. स्वप्नंसुद्धा स्पॅनिशमध्ये पडत असतील." मुलीला प्रशस्तिपत्र मिळालं, पडदेवालीला फुलं.

निघायच्या दिवशी बॅगेला पडदेवालीनं नवं चाक बसवून आणलं होतं. गाडी दाराशी आली. मुलीनं तिच्या गालाला गाल लावला आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "आपण माझी उत्तम काळजी घेतलीत, सेन्योरा. मी आपली आभारी आहे."

पडदेवालीला राहवलं नाही. फाइलवाली दहा पावलांवर होती, तरी ती बोललीच, माहेरच्या भाषेत, "सांभाळून जा गं. पोचलीस की कळव. काकूला."

मुलीचे डोळे भरले. ती थांबली, पडदेवालीकडे नीट बघितलं, आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "माफ करा, सेन्योरा. मला काही कळलं नाही."

गाडी गेली. पडदेवाली आत येऊन मशिनवर बसली. दवाखान्याचे पडदे सोमवारी द्यायचे होते. चुण्या मोजताना ती सातावर अडकली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

पुढच्या वर्षीचा फॉर्म डिसेंबरात आला. भाषांच्या रकान्यात तिनं स्पॅनिश लिहिलं, मग बऱ्याच वेळानं तिच्याखाली दुसरं नाव लिहिलं, ठळक, वाचता येईल असं. आता त्या भाषेचं पोर या घरी कधी पाठवणार नाहीत. तिनं पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकून आली.