केसपेपरावर नुसतं आडनाव

मी सातवीपर्यंत शिकले. वाचताना अजून बोट लावावं लागतंय, पण सासरचं आडनाव मला बोट न लावता वाचता येतंय. सासर हदगावच्या बाजूला हाय आन् निम्मं गाव त्याच आडनावाचं. ट्रॅक्टरच्या मागं तेच, देवळात देणगीच्या फरशीवर तेच, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तेच आन् मयताच्या बी. मतदार यादीत तर पानंच्या पानं. नवीन व्हते तवा वाटायचं, एवढ्या ठिकाणी लिवलंय मनल्यावर आपण कुठं हरवणार न्हाई.

बाळंतपणाला माहेरी चाकूरला आले. नवव्या दिवशी लेकरू पिवळं दिसाया लागलं, डोळे बी पिवळे, दूध बी ओढंना. आई मनली कोवळ्या उन्हात धर. धरलं, तर उन्हात आजूनच पिवळं दिसलं. मग तसंच लातूरला दवाखान्यात नेलं. आई लेकराला घेऊन बाकड्यावर बसली, मी खिडकीवर गेले.

"लेकराचं नाव?"

"बारसं व्हायचंय."

"बापाचं नाव?"

नवऱ्याचं नाव आमच्यात बाई तोंडानं घेत न्हाई, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मागं लाईनीत सगळे गडी.

"अहो ताई, बाप हाय का न्हाई लेकराला?"

मी आडनाव सांगितलं. खिडकीतल्या माणसानं केसपेपरावर तेवढंच लिवलं.

रक्त काढलं. लेकरू नीट रडलं बी न्हाई. दुपारी रिपोर्ट आला, इंग्रजीत, पण ते आडनाव मला इंग्रजीत बी वळखू येतंय, ट्रॅक्टरवर इंग्रजीतच हाय. सिस्टरनं कागद बघितला आन् मनली, "कावीळ लई वाढलीय. रक्त बदलावं लागंल, आत्ताच भरती करा."

मला रडूच फुटलं. आई मनली, "रडू नको, दूध आटतंय." मी रडायची थांबले.

सिस्टरनं लेकरू घ्यायला हात पुढं केले. "मुलगीच ना?"

"न्हाई, पोरगा हाय."

ती कागदाकडं बघून राहिली. "ह्यात मुलगी लिहिलंय. बापाचं पूर्ण नाव सांगा."

मी आईकडं बघितलं.

"सांग की गं," आई मनली, "मी दुसरीकडं बघते."

मी एका दमात सांगितलं, उखाणा न घालता. सिस्टरनं ते लिवून घेतलं आन् मुलाचा म्हणून दुसरा कागद हुडकला. आडनाव तेच. कावीळ थोडी हाय, पाजत राहा, दोन दिवसांनी दाखवा मनली. माझं लेकरू आईनं पदराखाली घेतलं.

मग सिस्टरनं मोठ्यानं आडनाव पुकारलं. देवणीकडची एक बाई उठली, माझ्याच वयाची, टोपड्यातली पोरगी छातीशी धरून. सिस्टर पोरगीला घेऊन आत पळाली. ती बाई मात्र लेकरू धरल्यावाणी हात तसेच ठिवून उभी. मला आतून हसू येत व्हतं, सुटल्याचं, आन् ते कुठं ठिवावं कळंना.

"चाकूरची बस जाईल," आई मनली.

"जाऊ दे."

खिडकीतला माणूस वरडला, "ह्या मुलीच्या बापाचं नाव सांगा लवकर, भरती अडलीय!" तिची मान खाली. मी तिच्याजवळ गेले, मनले, "माझ्या कानात सांग."

तिनं सांगितलं. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्यात मनाई न्हाई. मी खिडकीवर जाऊन दोनदा मोठ्यानं सांगितलं आन् तो पुरतं लिवीपर्यंत तिथंच उभी राहिले.