चक्कर आलेली माणसं

नव्या औषधाच्या चाचणीसाठी पेशंटची संमती आता कॅमेऱ्यासमोर घ्यावी लागते. नियम बदलल्यापासून शाहपुऱ्याच्या आमच्या हॉस्पिटलात हे कंटाळवाणं काम माझ्या गळ्यात पडलंय.

एकदा कोटऱ्याहून एक म्हातारी आली. कॅमेरा दिसताच तिने पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि ताठ बसली. मी भरभर वाचत सुटलो: आधी हे औषध घेतलेल्यांपैकी काहींना चक्कर आली, काहींना उलट्या झाल्या. प्रत्येक त्रासाला ती शेजारणीचं दुखणं ऐकावं तशी हळहळत होती. मला वाटलं, घाबरली. आता नाही म्हणणार.

शेवटी नियमाप्रमाणे विचारलं, "अम्मा, कुछ पूछना है?"

"हाँ बेटा. जिनको चक्कर आया था, वो अब ठीक हैं ना?"

मी पानं उलटसुलट चाळली. त्यांचा फक्त आकडा होता.

"पता नहीं, अम्मा."

"पूछ के रखना," ती म्हणाली आणि सहीसाठी पेन मागितलं. "कल कोई मेरा भी पूछेगा."

फाइलमध्ये तिचं नाव नाही, नंबर आहे. त्रासांची ती यादी मी आता प्रत्येक पेशंटला सावकाश वाचून दाखवतो. चक्कर आलेल्यांत ती असेल, असं धरून.