सात बेटांचं गाणं

शंतनु खोपकरने पहिलं गाणं केलं ते मिठाईवरून.

तेव्हा तो चाळिशीला आला होता. फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून, आणि लग्न झालेलं नव्हतं. कुणी म्हणे केलं नाही, कुणी म्हणे जमलं नाही. गिरगावात दोन्ही बाजूंनी बोलणारे होते आणि शंतनु दोघांनाही हसून मान डोलवायचा. फणसवाडीतल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. थोरला भाऊ दीपक, वहिनी मृणालिनी, त्यांची एकुलती एक लेक मनू आणि हा, अशी चौघं. दीपक आणि वहिनी दोघंही नोकरीला, घरी परतेपर्यंत आठ वाजायचे. शंतनु मात्र सहाला घरात. शेजारच्या कमलताईंकडून मनूला घ्यायचं, बेकरीतून आणलेली नानकटाई बशीत काढायची, आणि मग दिवेलागण होऊन जेवणाची वेळ होईपर्यंत घर या दोघांचं.

अशाच एका संध्याकाळी तो तिला आग्र्याहून सुटकेची गोष्ट सांगत होता. मिठाईचे पेटारे आले, पहारेकऱ्यांनी रोज उघडून बघितले, मग कंटाळून बघायचं सोडलं, आणि एके दिवशी महाराज पेटाऱ्यात बसून निसटले. शंतनूने आवाज बारीक करून, डोळे मोठे करून रंगवून सांगितलं. पाच वर्षांची मनू नानकटाई हातात तशीच धरून ऐकत होती.

"मग मिठाई कुणी खाल्ली?" तिने विचारलं.

"कुठली मिठाई?"

"पेटाऱ्यातली रे! महाराज आत बसले म्हणजे लाडू बाहेर काढले असतील ना?"

शंतनूने बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि त्यालाही कधी पडला नव्हता. "उद्या सांगतो," म्हणून त्याने वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पॉलिसीचे कागद चाळताना तो त्या लाडवांच्याच मागे लागला होता. संध्याकाळी घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आधीच, त्याने दारात उभं राहून म्हटलं:

"राजे बसले पेटाऱ्यात, लाडू गेले कुठे?
पहारेकऱ्याच्या मिशीत बघा, बुंदीचे दाणे मोठे!"

मनू उचकी लागेपर्यंत हसली. मग तिने ते दूधवाल्याला ऐकवलं, कमलताईंना ऐकवलं, गॅलरीतून खाली जाणाऱ्या कुणालाही ऐकवलं. वहिनी म्हणाली, "भावजी, उद्या परीक्षेत ही बुंदी लिहून आली म्हणजे?" पण तीही भाकऱ्या थापताना तेच गुणगुणत होती.

तिथून सुरुवात झाली. मोठ्यांना इतिहासात कोण जिंकलं ते हवं असतं. मनूला कोण जेवलं, कोण भिजलं आणि कुणाला घरी जायला उशीर झाला ते हवं असायचं. गडावर पाणी कोण आणायचं? घोड्याला आंघोळ कोण घालायचं? पत्र घेऊन जाणाऱ्या जासूदाला वाटेत झोप आली तर? शंतनु एशियाटिकच्या ग्रंथालयात जाऊन जाडजूड पुस्तकं चाळायचा. उत्तर सापडलं तर त्याचं गाणं करायचा. सापडलं नाही तर मनूला तसं सांगायचा, आणि ती म्हणायची, "मग आपण शोधून काढू."

एका रविवारी तो तिला चौपाटीवर घेऊन गेला असताना त्याने सांगितलं, की ही मुंबई पूर्वी सात बेटं होती. माहीमहून परळला जायचं तर मधे पाणी. मनू बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली.

"माहीमला परळची आठवण आली तर?"

शंतनूने जवळच्या भेळवाल्याला हाक मारली. त्याने तिला भेळ घेऊन दिली. पण घरी येईपर्यंत त्याच्या मनाने चाल धरली होती, आणि त्या आठवड्यात त्याच्या सगळ्या गाण्यांतलं सगळ्यात गोड गाणं जन्माला आलं:

"सात बेटं पाण्यात, पाय सोडून बसली,
माहीम म्हणे परळला, का गं अशी रुसली?
मधे आहे पाणी, हात पुरत नाही,
टोपलीभर माती आण, मग येते बाई!
कुणी आणली माती? कुणी हटवलं पाणी?
मनूने टाकली मूठभर, बेटं झाली शहाणी!"

शेवटच्या ओळीला मनू मूठ हवेत नेऊन उघडायची. त्या मुठीतून खरंच माती पडतेय आणि खाली जमीन तयार होतेय, असा तिचा चेहरा असायचा. मग ती त्या जमिनीवर उडी मारायची आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर बघून ओरडायचे.

दीपकची बदली बडोद्याला झाली तेव्हा मनू पहिलीत जायची होती. कुणाचं काही चुकलं नव्हतं. बढती होती, कंपनीचं घर होतं, मोठी शाळा होती. "तूही चल," दीपक म्हणाला, आणि शंतनु म्हणाला, "दादा, माझी नोकरी इथं आहे." दोघांनाही हे बोलणं करून टाकायचं होतं म्हणून त्यांनी ते केलं. मनू निघताना रडली नाही. तिला खिडकीची जागा मिळाली होती, तिचं सगळं लक्ष तिकडे होतं.

त्यानंतर संध्याकाळी सहा वाजता घर उघडायचं त्याच्या जिवावर यायचं. नानकटाई घ्यायची सवय कितीतरी दिवस सुटली नाही. बेकरीवाला आपणहून पुडी बांधायचा आणि हा नको म्हणायचा नाही. दिवाळीला तो बडोद्याला जाई. पहिल्या वर्षी मनू त्याच्या गळ्यात पडली. दुसऱ्या वर्षी थोडी लाजली. मग तिच्या मैत्रिणी आल्या, क्लास आले, परीक्षा आल्या. फोनवर "काका, कसा आहेस?" "मजेत. तू?" "मजेत." एवढ्यात बोलणं संपू लागलं. शंतनूला राग कुणाचा आला नाही. लेकरं मोठी व्हायचीच. मात्र ती मोठी होत असताना ती लहानगी कुठे जाते, हे त्याला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

तो निवृत्त झाला त्या वर्षी वाडीतल्या देवळाच्या सभागृहात लतिका सावंत नावाच्या बाईंनी बालवाडी सुरू केली. लतिका लालबागची, मालवणी घरातली, बोलायला फटकळ आणि मुलांत रमणारी. एकदा शंतनु गुणगुणत चाळीचा जिना उतरला, तेव्हा मुलांना न्यायला आलेल्या तिच्या कानावर ते पडलं.

"काका, ह्या गाणा खंयचा? म्हणजे, कुठलं हे?"

"असंच. घरचं."

"मग घरात कित्याक ठेवलात? द्या की पोरांना."

तेव्हापासून दर गुरुवारी तो बालवाडीत जाऊ लागला. पहिल्याच दिवशी सात बेटांचं गाणं शिकवताना तो शेवटच्या ओळीला आला, "मनूने टाकली मूठभर", तसा पुढे बसलेला नील नावाचा मुलगा म्हणाला, "मनू कोण? ती आलीच नाहीये."

शंतनूचा ठेका चुकला. लतिकाने लगेच सांभाळून घेतलं. "अरे, जो गाणार त्याने आपलं नाव घालायचं!" मग काय, नीलने टाकली मूठभर, राधाने टाकली मूठभर, सगळं सभागृह मातीने भरून गेलं. मुलं खूश. शंतनूही हसला. पण जिना चढताना त्याला वाटलं, आपल्या घरातून कुणीतरी एक खुर्ची उचलून नेली आहे. उपयोगाला नेली आहे, चांगल्या घरी नेली आहे, आणि आता ती मागता यायची नाही.

गेल्या वर्षी मनूचा फोन आला. परळला एका ऑफिसात तिला नोकरी लागली होती. "काका, रूम मिळेपर्यंत तुझ्याकडे राहू? चालेल ना?"

चालेल ना! शंतनूने खोल्यांना रंग काढला. नवी चादर आणली. सव्वीस वर्षांची मनू दारात उभी राहिली तेव्हा तिचे केस आखूड होते, पाठीवर भलीमोठी सॅक होती आणि मराठीला बडोद्याचा हेल होता. "काका!" म्हणून तिने त्याला घट्ट मिठी मारली. मुलगी लाघवी होती. आल्या आल्या भांडी घासायला घेतली, "तू टेन्शन नको घेऊस" म्हणाली, त्याच्या मोबाईलमधलं काय काय नीट करून दिलं. शंतनु तिच्याकडे बघत राही. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती घरात वावरत होती, आणि तरी ती आलेली नव्हती.

चहा करताना तो मुद्दाम लाडवांचं गाणं गुणगुणायचा. ती म्हणायची, "छान गातोस रे तू," आणि कानात तिचं ते यंत्र घालायची. त्याने स्वतःला समजावलं, आठवेल हळूहळू. घाई कसली?

तेवढ्यात बालवाडीचं संमेलन आलं. लतिकाने निरोप धाडला, पुतणीला घेऊनच या. मनू हौसेने आली, पहिल्या रांगेत बसली. कागदाच्या लाटा हलवत मुलं सात बेटांचं गाणं गायली. शंतनु स्टेजकडे बघतच नव्हता. तो मनूकडे बघत होता. गाणं शेवटच्या ओळीला आलं, एकेका मुलाने आपापलं नाव घेतलं, मुठी उघडल्या, टाळ्या झाल्या. मनूनेही भरभरून टाळ्या वाजवल्या. मग वळून म्हणाली,

"काका, काय गोड आहे हे! तू लिहिलंस? कधी?"

शंतनूच्या ओठावर आलं होतं. तो म्हणाला, "झाली बरीच वर्षं."

घरी जाताना दोघं ठाकूरद्वारच्या नाक्यावर रस्ता ओलांडायला थांबले. गाड्यांची रांग तुटत नव्हती. मनू अचानक म्हणाली, "इथलं मला काहीच आठवत नाही, माहितीये? बाबा म्हणतो, तू मला खूप सांभाळलंस. मला वाईट वाटतं रे. एकच गोष्ट आठवते. रस्ता ओलांडताना कुणीतरी माझं मनगट धरायचं. हात नाही, मनगट. दुखायचं थोडंसं. आई तशी कधी धरत नाही, बाबाही नाही."

"हात सुटून जातो," शंतनु म्हणाला. "तुझा घामेजलेला असायचा. म्हणून मनगट धरायचो."

"म्हणजे तू!" ती एवढंच म्हणाली. रांग तुटली, तशी दोघं पलीकडे गेली. त्याने तिचं मनगट धरलं नाही. तिनेच त्याच्या कोपराला हात घातला होता.

पुढच्या गुरुवारी लतिकाने त्याला फैलावर घेतलं. "ते गाणं तिच्यासाठी केलेलं, मला ठाऊक आहे. दीपकदादा मागे तुमच्याकडे आले होते, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं. मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिने आठवल्यासारखं केलं असतं," शंतनु म्हणाला. "मायाळू पोर आहे. आणि मला ते खरं वाटलं असतं."

लतिका मुलांच्या चटया गुंडाळत होती. ती थांबली. "ह्या पोरांनाही नाही आठवणार, काका. चार वर्षांची आहेत. मोठी झाली की आपण दोघं त्यांना रस्त्यात ओळखू पण येणार नाही."

"माहीत आहे."

"मग येता कशाला?"

शंतनूने विचार केला. "त्या वेळी त्यांना आवडतं ना," तो म्हणाला. लतिकाने उरलेल्या चटया त्याच्या हातात दिल्या.

मनूला परळला दोन मैत्रिणींबरोबर जागा मिळाली. शंतनु टॅक्सीतून सामान पोचवून आला. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, फक्त नव्या रंगाचा वास राहिला. आता ती अधूनमधून रविवारी येते. कधी येणार म्हणते आणि येत नाही. तेव्हा तो दोघांचा भात एकटा दोन वेळा खातो. अजूनही संध्याकाळी सहाला त्याला त्या लहान मुलीची आठवण येते, आणि मोठी मनू समोर बसलेली असतानाही येते. हे दुखणं बरं होण्यातलं नाही, हे त्याने एव्हाना ओळखलं आहे.

मागच्या रविवारी जेवण झाल्यावर मनूने विचारलं, "काका, आमच्या ऑफिसच्या आवारात ती एवढी उंच चिमणी आहे. बाकी सगळं पाडलंय, ती एकटीच ठेवलीये. कशाची रे ती?"

शंतनूने तिला गिरणीची गोष्ट सांगितली. पहाटेच्या भोंग्याची, पाळ्यांची, कोकणातून बिऱ्हाड मागे ठेवून आलेल्या माणसांची, खानावळींची, संपाची. मनू गालाला हात लावून ऐकत होती. तिची टॅक्सी खाली येऊन उभी राहिली तरी ती उठेना.

"मग त्या माणसांचं काय झालं? ती कुठे गेली?"

"ते मोठं आहे. सावकाश सांगावं लागेल."

"पुढच्या रविवारी सांग. नक्की येते." ती चप्पल चढवत जिन्यापर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "अर्धवट नको ठेवूस हं!"

टॅक्सी वळेपर्यंत शंतनु गॅलरीत उभा राहिला. मग आत येऊन बसला. चिमणी म्हटल्यावर बालवाडीतली पोरं आधी वर पाखरूच शोधणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला हसू फुटलं. त्याने कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि लिहिलं:

"एक होती चिमणी, परळात राहायची,
उडायची नाही कधी, धूर सोडायची."

तिसऱ्या ओळीत माणसं यायला हवी होती. ती कशी आणावीत, हे काही त्याला सुचेना. बाहेर दिवे लागले होते. तो पेन्सिल धरून तसाच बसून राहिला.