कारभाऱ्याचे कान

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकट्याने विचारलं, "आजी, सगळ्यात आधी देऊनच टाकता, मग महिनाअखेरीला कमी पडले तर?" तेवढ्यात तुमचं चित्र गोठलं आणि उत्तर राहून गेलं. ते इथे लिहिते. तुमच्या नावाची एक गोधडी आमच्याकडे का पडून आहे, तेही त्याच ओघात येईल.

आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर बिस्किटांचे तीन रिकामे पत्र्याचे डबे आहेत. पेन्शन आता मोबाइलवर वाजून जमा होते, तरी मी बँकेत जाऊन नोटा आणतेच. निळ्या डब्यात आधी दशांश जातो, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देवाचा. मग हिरव्यात उद्याचं, म्हणजे औषधपाणी, घराची डागडुजी, जमलं तर तुमच्याकडे येण्याचं तिकीट. उरेल ते लाल डब्यात, आणि घर त्यावर चालतं. कमी पडलंच तर ते लाल डब्यात पडतं. वरण जरा पातळ करता येतं.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. हिशेब मला येत होता, पण आधी देवाचं आणि मग आपलं हा क्रम तुमच्या आजोबांच्या घरचा. "पैसा आपला नाही. मालक वर आहे, आपण नुसते कारभारी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांना चिडवायला कारभारीच म्हणते.

तर या कारभाऱ्यांना गेली काही वर्षं ऐकू कमी येतं. कुकरची शिट्टी येत नाही, दाराची घंटा येत नाही. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावायला सांगितलं. त्याचे पैसे मी हिरव्या डब्यात बाजूला ठेवले होते, पण आजोबा त्यांना हात लावू देईनात.

"मालकाचा पैसा काय माझ्या कानात कोंबू?" ते म्हणायचे. "या वयात मले काय ऐकायचं राहिलं?"

"शरीरसुद्धा त्यानेच सांभाळायला दिलंय ना? त्याचा कारभार कोण बघणार?"

"काय म्हणालीस?"

इथे आमचा वाद संपायचा. ते चर्चमध्ये उपदेशाच्या वेळी पहिल्या बाकावर बसू लागले आणि मी बोलले की मान डोलावू लागले. मान डोलावणं मला जास्त लागायचं. माझं कुठलंही बोलणं त्यांना पटतंय असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग हंगामाचा सण आला. त्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक आपापल्या पिकातलं आणून वेदीपुढे मांडतात. नरखेडकडे बागा असलेले संत्र्यांच्या टोपल्या आणतात, कोणी कोहळा, कोणी पाय बांधलेली कोंबडी. ज्यांना शेत नाही ते हाताने केलेलं काही आणतात. भक्ती, म्हणजे रविवारची उपासना, संपली की सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. लिलावाची वस्तू लाल डब्यातून घ्यायची, हा आमचा नियम. ती आपल्या घरी येते, मग तिला दान कसं म्हणायचं?

त्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईंनी जुन्या साड्यांची गोधडी शिवून आणली होती. टाके इतके बारीक आणि ऊब इतकी की मला तुमच्या तिकडची थंडी आठवली. ठरवलं, ही माझ्या नातवंडांना.

आमच्याकडे अजून बाया डावीकडे बसतात आणि पुरुष उजवीकडे. मी खांबाआड होते, म्हणून बोली ओरडून लावत होते. पुरुषांकडचा बोली लावणारा तोंडाने बोलत नव्हता, गीतांचं पुस्तक नुसतं वर करत होता; मला खांबाआडून तेवढंच दिसत होतं. लिलाव पुकारणारा दोन्हीकडचे आकडे माइकवर सांगत होता, "उजवीकडून पाचशे!"

"सहाशे!" मी.

"उजवीकडून सातशे!"

"आठशे!" माझा आवाज चिरकला. लोक हसायला लागले. मला वाटलं, माझ्या आवाजाला हसताहेत. आकडा हजाराच्या पुढे गेला तेव्हा आमच्या शेजारच्या घरातल्या सुनबाईने माझा पदर ओढला.

"अवं काकू, कोनासंगं भांडून राहिल्या? काकाच हायेत थे!"

मी खांबाआडून वाकून पाहिलं. पहिल्या बाकावर तुमचे आजोबा, पुस्तक हवेत, चेहऱ्यावर लढाईचा आव. मी तोंड मिटलं आणि गोधडी त्यांना मिळाली. चर्चचे पाळकसाहेब हसू दाबत म्हणाले, "उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात. ते आज प्रत्यक्ष पाहिलं."

बाहेर कडुनिंबाखाली चहा होता. आजोबा गोधडी खांद्यावर टाकून आले, खुशीत. "पोरांसाठी घेतली. पण कोण बाई होती गं ती? भलतीच हट्टी!"

"मीच होते."

ते हसले. मग माझ्याकडे बघून त्यांचं हसू हळूहळू उतरलं. "तू ओरडत होतीस?"

"सगळ्या चर्चला ऐकू आलं."

"तुझा आवाज होता... आणि मले समजला नाही?"

माझ्याकडे टोमणा तयार होता, पण तो मी ठेवून दिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतः पाठमोरे असतानाही मला नुसत्या खोकल्यावरून ओळखलं होतं. त्यांच्या हातातल्या चहावर साय धरली, तरी ते उभेच होते.

"उद्या जाऊ," ते म्हणाले. "हिरवा डबा उघड."

"आणि गोधडीचे?"

"लालमधून. महिनाभर रविवारचं मटण बंद."

यंत्र आलं. पहिले काही दिवस त्यांना पंख्याचासुद्धा त्रास व्हायचा. गोधडी पाठवायला गेलो तर कुरिअरवाल्याने असा भाव सांगितला की आजोबा म्हणाले, "एवढ्यात पोरंच येतील." म्हणून ती तुमच्या खोलीतल्या पलंगावर आहे, ऊन दाखवून घडी केलेली. येऊन पांघरा.

रविवारी चर्चहून आल्यावर मी दुधी चिरत होते. शेजारून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता. आजोबा पार बाहेर ओट्यावर बसलेले. मी स्वतःशीच पुटपुटले, "मोठे आले कारभारी! स्वतः बोली वाढवायची आणि मला दुधी खायला लावायचा."

ओट्यावरून आवाज आला, "ऐकलं हं!"