मोर्शीच्या धरणातला सागरी विमा

विमा कंपनीला प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स लागतात. दोन त्यांच्याकडे हरवतात, तिसरी आपल्या घरी राहते. आणि त्या तिसरीसोबत एक किस्सा राहतो. माझ्या घरी अशी सात वर्षांची थप्पी आहे. बायको म्हणते, रद्दीत घाला. मी म्हणतो, रद्दीवाला कागदाचे पैसे देईल, किस्स्यांचे कोण देईल?

मोर्शीजवळच्या धरणावर हौशी लोकांना फिरवणारे आम्ही तीन बोटवाले आणि एक बोटवाली. मी अमरावतीचा. पूर्वी माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, ते विकून मोटारबोट घेतली. गजू इंगोले अकोल्याचा, त्याची स्पीडबोट. रहीमचाचा मोर्शीचेच, लाकडी नावेतून मासे धरतात आणि लोकांनाही फिरवतात. आणि विमलताई ढोले, त्यांच्या पायानं पॅडल मारायच्या बोटी. विमा नसेल तर बोट पाण्यात घालायला परवानगी नाही. म्हणजे विम्याचा कागद संपला की आमच्या चुली थंड. हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे!

*

पहिल्या वर्षी आमचा एजंट होता चांदूरकर. तोवर त्यानं मोटारसायकली आणि संत्र्याचे ट्रक सोडून कशाचा विमा उतरवला नव्हता. कंपनीनं त्याला जो फॉर्म दिला तो समुद्राच्या बोटींचा. समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर!

धरणाच्या काठी चिंचेखाली बसून चांदूरकर एकेक रकाना वाचू लागला. "जवळचं बंदर किती अंतरावर?"

रहीमचाचांनी वर पाहिलं. फांदीवर माकडांची अख्खी पलटण बसली होती.

"येच क्या, पाच फुट पे बैठेले हैं."

चांदूरकरनं लिहिलं, पाच फूट.

"समुद्री चाच्यांपासून धोका आहे काय?"

"हाय ना!" गजू म्हणाला. "हे काय बाजूले बसले. रोज माहा डबा खातेत."

आम्ही पोट धरून हसलो. चांदूरकरला वाटलं, उत्तर मिळालं. त्यानं खूण केली. पॉलिसी आली तेव्हा हप्त्यात चाच्यांपासूनच्या संरक्षणाची रक्कम वेगळी लावलेली!

रहीमचाचांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "मेरे नाम के पैसे लिए, और मेरेकू एक चाय भी नहीं!"

*

एका दिवाळीच्या सुट्टीत गजूची स्पीडबोट पाण्याखालच्या बाभळीच्या खोडावर घासली. तळाला हातभर चीर. माणसं वाचली, पण ऐन हंगामात बोट काठावर आली. गजूचं तोंड एवढंसं झालं.

आठ दिवसांनी सर्व्हेयर आला. एकावर एक दोन लाइफ जॅकेट घातली आणि माझ्या बोटीत डोळे मिटून बसला. मी त्याला मधोमध त्या जागी नेलं.

"खोड कुठं आहे?"

"पान्याखाली हाय साहेब," गजू म्हणाला.

"मला तर दिसत नाही. जे दिसत नाही ते रिपोर्टमध्ये कसं लिहू?"

"मंग उतरून पाहा ना."

सर्व्हेयरनं बोटीची कड आणखी घट्ट धरली. "मला पोहता येत नाही हो!"

गजूला त्याची दया आली. म्हणाला, "घाबरू नका साहेब. अन् काही झालंच तं तुमचा विमा असनच."

"नाही बा," सर्व्हेयर म्हणाला. "मी रोज क्लेम पाहतो ना!"

*

हाच गजू पुढच्या वर्षी अकोल्याच्या ऑफिसात भांडायला गेला. मी सोबत होतो. तिथले साहेब पुण्याकडचे, फार गोड बोलायचे.

"साहेब, कागदावर माह्या बोटीची किंमत कमी केली तुमी. काहून?"

"बोट जुनी झाली ना हो."

"मंग हप्ता काहून वाढला?"

"जुनी बोट बुडण्याची शक्यता जास्त असते."

"बरं. मंग बुडाली तं पैसे जास्त द्यान?"

"असं कसं? जुन्या बोटीचे जास्त पैसे कोण देईल!"

गजूनं आपले कागद गोळा केले. मग मला म्हणाला, "चाल भाऊ. इथं थांबलो तं हप्ता अजून वाढन."

*

रहीमचाचांची नाव चोरीला गेली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. ती नाव त्यांनी स्वतःच्या हातानं बांधली होती. चार दिवस म्हातारा धरणाकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी पोलिसांचा कागद घेऊन अमरावतीच्या ऑफिसात गेला.

तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं. "चोरीचा क्लेम आहे. दोन्ही ओरिजिनल चाब्या जमा करा."

"मॅडम, लकडी की नाव है. चाबी लगाऊं तो लगाऊं किधर?"

"चाब्या जमा झाल्याशिवाय फाइल पुढे जात नाही, काका. सिस्टीम घेतच नाही."

चाचा तीनदा गेले. तीनदा तेच उत्तर. चौथ्या वेळी त्यांनी घरच्या लोखंडी कपाटाच्या दोन चाब्या काउंटरवर ठेवल्या. बाईंनी त्या मोजल्या, पाकिटात घातल्या, वर शिक्का मारला. दोन महिन्यांत पैसे आले, थोडे कापून का होईना!

पैसे घेऊन चाचा घरी गेले. चाचींनी ते कपाटात ठेवायला म्हणून कपाटाकडे हात नेला. मग बराच वेळ त्यांच्या घरातून फक्त चाचींचाच आवाज येत होता.

*

आता माझं ऐका. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं आणि आमच्या बोटी कोरड्या गाळावर बसतात. आजूबाजूचे लोक शेतात टाकायला तो गाळ ट्रॅक्टरनं नेतात. एके सकाळी एका पठ्ठ्यानं ट्रॅक्टर मागं घेतला आणि ट्रॉली सरळ माझ्या बोटीत घुसली. फायबरचा असा आवाज झाला की माझ्या दातांत कळ आली. दुकान विकून घेतलेली बोट ती! मी तिथंच गाळात बसलो.

माझ्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, "हा तर जमिनीवरचा अपघात. तुमचा विमा पाण्यातला. ट्रॅक्टरच्या कंपनीकडे जा."

ट्रॅक्टरची कंपनी म्हणाली, "अपघात रस्त्यावर झालेला नाही. धरणाचा तळ रस्त्यात मोडत नाही. बोटीच्या कंपनीकडे जा."

शेवटी पोलिसांत गेलो. तिथल्या हवालदारानं टेबलामागून विचारलं, "ट्रॅक्टर बोटीले धडकला, का बोट ट्रॅक्टरले?"

"ट्रॅक्टर बोटीले."

"बोटीचा स्पीड किती होता?"

"उभी होती, साहेब. पानीच नव्हतं."

"रस्त्याच्या कोनत्या बाजूनं उभी होती?"

मी सांगितलं, रस्ता नव्हता, धरण होतं. त्यानं पेन खाली ठेवलं. "म्हंजे पानी नसताना धरणात बोट उभी केली तुमी. पार्किंगची परवानगी हाय काय?"

बोट मी खिशातूनच दुरुस्त केली. ट्रॅक्टरवाला सज्जन निघाला. त्यानं आपण होऊन माझ्या घरी दोन पेट्या संत्री आणून टाकली. दोन्ही कंपन्यांकडून मिळून मला जे आलं, त्यापेक्षा ती संत्री नक्कीच जास्त होती!

*

विमलताईंचा क्लेम मात्र पास झाला. पूर्ण पैसे मिळाले. आमच्या चौघांत पूर्ण पैसे मिळवणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून तेवढं सांगतो.

त्यांच्या पॅडलबोटी हंसाच्या आकाराच्या. पांढऱ्या, लांब मानेच्या, लाल चोचीच्या. लेकरं दुरून बघूनच हट्ट धरायची. वळवाच्या वादळात त्यातला एक हंस दोर तोडून निघाला, भिंतीच्या दगडांवर आपटला आणि बुडाला. आम्ही दुसऱ्या दिवशी बाहेर काढला तेव्हा मान वेगळी आणि अंग वेगळं. विमलताई रडल्या नाहीत. पदर खोचून म्हणाल्या, "कागद काढा."

त्या वर्षी कंपनीचं सगळं ऑनलाइन झालं होतं. कुणीतरी संगणकात भरलं होतं: हंस, नग दोन, रंग पांढरा. संगणकानं ते हंस उचलून पशुधनात टाकले! गाई, म्हशी, शेळ्या आणि विमलताईंचे दोन हंस.

महिनाभरानं अकोल्याच्या ऑफिसातून पत्र आलं. मृत जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर कळवा. पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल जोडा.

विमलताईंनी फोन केला. "अहो, थो हंस बोट हाय. प्लास्टिकचा."

"बरोबर आहे ताई. पण बिल्ल्याचा नंबर लागेल."

त्यांनी फोटो पाठवले. उत्तर आलं, फोटोत कान स्पष्ट दिसत नाही. कृपया जवळून काढावा.

त्या दिवशी मी धरणावर होतो. विमलताईंनी मोबाइल कमरेला खोचला, हंसाची तुटलेली मान उचलली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि म्हणाल्या, "भाऊ, अकोल्याले येता काय?"

आम्ही एसटीत बसलो. मान एवढी लांब की चोच खिडकीबाहेर. कंडक्टर आला, लुगड्यात डोकावला, दचकला. "हे काय घेऊन राहिले बाई?"

"मयत हाय," विमलताई म्हणाल्या. कंडक्टरनं गुपचूप दोनच तिकिटं फाडली.

ऑफिसात दुपारची गर्दी. विमलताई रांगेत थांबल्या नाहीत. सरळ गोड बोलणाऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या आणि टेबलावरच्या फाइली सारून ती मान मधोमध ठेवली. चोच साहेबांच्या चहाच्या कपाला लागली. दाराशी माणसं जमली.

"बाई, हे काय?"

"हे तुमचं मयत जनावर. मले काही सापडला नाई. आता याचा कान तुमीच शोधा!"

साहेबांनी हंसाकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं, पुन्हा हंसाकडे पाहिलं.

मग खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि खरोखरच शोधायला लागले.