लेकीमुळे मी गप्प बसायला शिकले

"कान बिलकुल ठीक हैं," डॉक्टर म्हणाले, आणि मी मनातल्या मनात कुलदेवीला हात जोडले. त्यांचं पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही. भूमीच्या पप्पांनी माझ्या कोपराला हात लावला, तेव्हा डॉक्टर तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगत होते. "बच्ची को ऑटिझम है."

भूमी तेव्हा तीन वर्षांची होती. हाक मारली तर वळून बघायची नाही. टीव्हीवर आवडती जाहिरात लागली की मात्र मोरीतून ओल्या अंगानं धावत यायची. हे दोन्ही रोज बघूनसुद्धा मी ठरवून टाकलं होतं की पोरीला कमी ऐकू येतं. सुरतेतल्या आमच्या लिंबायतमध्ये असं वाटणं फार सोपं आहे. तिचे पप्पा लूमच्या खात्यात काम करतात. कापड विणण्याच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. तिथल्या खडखडाटानं त्यांचेच कान मंद झालेत. पोटुशी असताना मी रोज त्यांचा डबा घेऊन आत जायचे. त्या आवाजानं पोटातल्या लेकराचे कान गेले, असं धरून बसले होते आणि स्वतःला कोसत होते.

म्हणून आम्ही बेरा टेस्ट केली. यात मुलाला झोपवतात, डोक्याला बारीक वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीनवर बघतात. भूमी झोपायलाच तयार नव्हती. दोनदा आम्ही तसेच परत आलो. तिसऱ्यांदा ती झोपली आणि तिच्याबरोबर बाकावर मीही झोपले.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं की हिच्या मेंदूची घडणच वेगळी आहे. बोलणं, नजरेला नजर देणं, माणसांत मिसळणं हे आपल्याला आपोआप येतं, हिला शिकवावं लागेल. हा आजार नाही आणि गोळीनं जाणारा नाही. मी डब्याबद्दल विचारलं. ते हसले नाहीत. "उसका इससे कोई लेना-देना नहीं," एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आजही आभारी आहे.

पण एक दोष खांद्यावरून उतरला की मी दुसरा शोधते, असा माझा स्वभाव. शेजारची एक बाई म्हणाली, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बालवाडीत गुजराती, पोर बोलणार तरी कशात? मला ते चटकन पटलं. त्याच संध्याकाळी मी हुकूम काढला की आजपासून घरात फक्त हिंदी.

माझं हिंदी मालिका बघून तयार झालेलं, त्यामुळे माझं निभावलं. भूमीच्या पप्पांची पंचाईत झाली. ते खानदेशातल्या पारोळ्याकडचे. त्यांचं हिंदी खात्यापुरतं, बेअरिंग गरम झालं किंवा सुताचा बीम संपला एवढं सांगण्याचं. त्यात लेकीचे लाड कसे करणार? दोन दिवस ते "बेटी, खाना खाओ" असं पाहुण्याशी बोलल्यासारखं बोलले. तिसऱ्या दिवसापासून गप्पच झाले.

त्यांची कसर मी भरून काढली. मी घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम करते. हात कात्रीवर आणि तोंड भूमीवर. "ये क्या है? बॉल है. कौन सा कलर है? बोलो ना, बोलो." भूमी कानांवर हात ठेवून पलंगाखाली जाऊन बसायची.

त्याच दिवसांत ती एकदा सलग दोन दिवस रडत होती. भिंतीवर डोकं आपटत होती. मला वाटलं, हट्ट करतेय. मी रागावले, एक धपाटाही घातला. तिसऱ्या दिवशी तिच्या कानातून पू आला. डॉक्टर म्हणाले, आत खूप ठणकत असणार. तो धपाटा अजून माझ्या हाताला लागतो. त्या दिवशी माझं मागणं एकच उरलं. आई म्हणू नको, कविता म्हणू नको, फक्त कुठे दुखतं ते सांगायला शिक. मी काही जन्मभर पुरणार नाही.

मग स्पीच थेरपी सुरू झाली, म्हणजे बोलणं आणि समजणं शिकवायचे तास. आठवड्यातून दोनदा, रिक्षानं. पहिल्या दिवशी थेरपिस्ट बाईंनी आम्हा दोघांना भूमीशी खेळायला लावलं. माझा पट्टा लगेच सुरू झाला. भूमी खिडकीकडे तोंड करून बसली. मग पप्पांची पाळी आली. ते काही बोललेच नाहीत. समोर बसले, बोटं आत वळवून "ये" असं केलं. भूमी आली. अंगठा ओठांकडे नेला. तिनं पाण्याची बाटली आणून दिली.

बाई खुर्चीतून उठल्या. "आ क्यांथी शीख्या?" कुठून शिकलात?

हे लाजले. "खाते में तो ऐसे ही बोलते हैं."

खात्यात ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून सगळे कारागीर हातांनी बोलतात. ये, थांब, पाणी, सुताची तार तुटली. घरात अहिराणीला बंदी आली तशी यांनी ती बोली घरी आणली होती. मी हे रोज बघत होते आणि वर विचारत होते, मुके झालात का?

बाईंनी मग मला विचारलं, "बेन, घरमां झगडो छो त्यारे कई भाषामां झगडो छो?" घरात भांडता ते कुठल्या भाषेत?

"अहिराणीत," मी खरं ते सांगितलं.

"तो ए ज बोलो." मग तीच बोला.

जास्त भाषांमुळे ऑटिझम होत नाही, असं त्यांनी समजावलं. आईबापांना ज्या बोलीत मोकळं वाटतं तीच मुलासाठी चांगली. हातांच्या खुणा चालू ठेवा, खुणांमुळे बोलणं अडत नाही. आणि मला वेगळी शिकवणी मिळाली. "तमे एने वारो ज नथी आपता." तुम्ही तिची पाळी येऊच देत नाही. एक शब्द बोला, मग मनात दहा आकडे मोजा.

दहा आकडे! मला चारच्या पुढे जाता येईना. पण हळूहळू जमलं, आणि त्या रिकाम्या वेळात मला माझी लेक दिसायला लागली. नको असलं की ती अंगठा मुठीत धरते. आनंद झाला की टाचा उचलते. माझ्याकडे ती बघत होती, फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून. तुमच्या घरी असं मूल असेल तर एवढंच सांगेन, आधी थोडं थांबून बघा. मला हे कळायला वर्ष गेलं.

आता भूमी सहा वर्षांची आहे. बरेच शब्द आलेत, पण कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही. गेल्या महिन्यात तिला ताप आला. गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "क्या हुआ बेटा?" मी सवयीनं तोंड उघडलं.

"उगी राय," हे हळूच म्हणाले. "बोलू दे तिले."

मी मोजलं. दहा झाले. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. भूमीनं बोट गळ्यावर ठेवलं.

"दुखस."

"क्या बोली?" डॉक्टरांनी विचारलं. "दुखता है, बोली," यांनी सांगितलं. बॅटरी लावून बघितलं तर घसा लालभडक होता. डॉक्टर औषध लिहायला लागले आणि मी पदर तोंडाला लावून हसत होते, रडत होते.

"बच्ची बीमार है, आप हँस क्यों रही हैं?"

मी सांगायला लागले. त्या दिवशी मला कुणी थांबवलं नाही.